दोन एसएसडींची बेरीज

घरच्या संगणकाचा वेग वाढविण्यासाठी एक सल्ला गेली काही वर्षे सर्रास दिला जातो. दोन टेराबाइटची एक एसएसडी घेण्याऐवजी एकेक टेराबाइटच्या दोन घ्या, त्या 'रेड शून्य' या पद्धतीने एकमेकींना जोडा, आणि दुप्पट वेग मिळवा. जागा तेवढीच, खर्चात फारसा फरक नाही, वेग मात्र दुप्पट! जोडणी झाल्यावर वेग मोजणारा एखादा प्रोग्रॅम चालवला की पडद्यावर खरोखरच जवळजवळ दुप्पट आकडा उमटतो. सल्ला देणारा खूश, घेणाराही खूश.

तो आकडा खोटा नसतो, आणि म्हणूनच या सल्ल्याचे परीक्षण करायला हवे. साफ खोटी गोष्ट खोडून काढणे सोपे असते. इथे मोजमाप बरोबर आहे, पण ते ज्या गोष्टीचे आहे ती गोष्ट घरचा संगणक दिवसभरात क्वचितच करतो. शिवाय या व्यवहारात वेगाच्या बदल्यात काहीतरी द्यावे लागते, आणि ते काय, हे आकड्यात दिसत नाही. ज्या शिक्षकाच्या घरी एकच संगणक आहे आणि त्यावर दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके आणि मुलांचे लहानपणापासूनचे फोटो आहेत, त्याने ही देवघेव डोळे उघडे ठेवून पाहायला हवी.

आधी पद्धत समजून घेऊ. एखादी फाइल साठवताना संगणक तिचे सारख्या आकाराचे तुकडे करतो. पहिला तुकडा पहिल्या एसएसडीवर, दुसरा दुसरीवर, तिसरा पुन्हा पहिलीवर, चौथा दुसरीवर, असे ते आलटून पालटून ठेवले जातात. कापडावरच्या दोन रंगांच्या पट्ट्यांसारखी ही रचना दिसते, म्हणून तिला 'स्ट्रायपिंग' म्हणजे पट्टे पाडणे म्हणतात. एका पट्ट्याचा आकार बहुधा ६४ किंवा १२८ किलोबाइट असतो. वाचताना दोन्ही एसएसडी एकाच वेळी कामाला लागतात. मोठी फाइल असेल तर निम्मे तुकडे एकीकडून, निम्मे दुसरीकडून येतात आणि वेळ निम्मा होतो.

पंगतीचे उदाहरण घ्या. शंभर पाने मांडली आहेत आणि सर्वांना भात वाढायचा आहे. एका वाढप्याऐवजी दोन वाढपी घेतले तर काम निम्म्या वेळात उरकेल. पण सगळे जेवत असताना एकानेच पापड मागितला, तर? वाढपी दोन असोत की दहा, स्वयंपाकघरात जाऊन पापड आणायला जो वेळ लागतो तो लागणारच. एक जण पापड आणायला जाईल आणि बाकीचे उभे राहतील. आता प्रश्न असा, की घरचा संगणक पंगतभर भात मागतो की एकेक पापड?

त्याचे उत्तर शोधण्याआधी या पद्धतीच्या मूळपुरुषाकडे जाऊ, कारण तिथे एक गंमत आहे. 'रेड' ही कल्पना ज्या निबंधामुळे जगभर पसरली, तो निबंध डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रात लिहिला आणि १९८८ मध्ये शिकागो येथील परिषदेत मांडला. 'रेड' हे चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून झालेले नाव आहे. त्याचा अर्थ 'स्वस्त डिस्कांचा, जादा नोंद राखणारा ताफा'. (स्वस्त या अर्थाच्या शब्दाच्या जागी पुढे 'स्वतंत्र' या अर्थाचा शब्द रूढ झाला. महाग वस्तू विकणाऱ्यांना 'स्वस्त' हा शब्द अडचणीचा वाटला असावा.)

निबंधाची मांडणी फार सुबक आहे. एका बाजूला आयबीएम ३३८० ही त्या काळची मोठी, महागडी डिस्क. तिच्या चकत्यांचा व्यास १४ इंच, क्षमता ७५०० मेगाबाइट, विजेची भूक ६६०० वॅट. दुसऱ्या बाजूला वैयक्तिक संगणकांसाठी नुकतीच निघालेली कॉनर सीपी ३१०० ही साडेतीन इंची डिस्क. तिची क्षमता १०० मेगाबाइट, वीज १० वॅट. अशा ७५ लहान डिस्का एकत्र केल्या तर क्षमता मोठ्या डिस्केइतकी होते, आणि वीज लागते फक्त ७५० वॅट. शिवाय ७५ डिस्का एकाच वेळी ७५ वेगवेगळी कामे करू शकतात. एका हत्तीऐवजी बैलांचा तांडा, असा हा विचार होता.

मग लेखकच वाईट बातमी सांगतात. एका लहान डिस्केचा बिघाडापर्यंतचा सरासरी काळ ३०,००० तास. अशा १०० डिस्का असतील आणि त्यांतली कोणतीही एक बिघडली की सगळे कोलमडत असेल, तर ताफ्याचा सरासरी काळ ३०,००० भागिले १००, म्हणजे ३०० तास. साडेबारा दिवस! दर पंधरवड्याला सगळी माहिती गमावणारे यंत्र कोण घेईल? म्हणून त्यांनी जादा नोंदीचे उपाय सुचवले आणि त्यांच्या पाच पातळ्या केल्या. पहिल्या पातळीत प्रत्येक डिस्केची हुबेहूब दुसरी प्रत. नंतरच्या पातळ्यांत थोडी काटकसर. चार संख्या आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर कोणतीही एक संख्या पुसली गेली तरी उरलेल्यांवरून ती काढता येते. साधारण याच तत्त्वावर एक डिस्क गेली तरी तिच्यावरची माहिती पुन्हा उभी करता येते.

पहिली ते पाचवी, अशा पाच पातळ्या. त्या निबंधात शून्य नावाची पातळी नाहीच. नुसते पट्टे पाडायचे आणि जादा नोंद काहीच ठेवायची नाही, या प्रकाराला 'रेड शून्य' हे नाव पुढे पडले; याच लेखकांपैकी तिघांनी दोन सहकाऱ्यांसह १९९४ मध्ये लिहिलेल्या विस्तृत आढाव्यात ते आढळते. म्हणजे ज्या नावात 'जादा नोंद' हा शब्दच पहिला आहे, त्याच नावाखाली जादा नोंद नसलेली पद्धत विकली जाते. शून्य हा आकडा इथे प्रामाणिक आहे. त्याचा अर्थ 'सुरक्षितता शून्य' असा घ्यावा. पण घेणाऱ्याला 'रेड' हा शब्द ऐकू येतो आणि शून्य कानाआड जाते.

नावाचा हा घोळ मात्र त्या मानाने किरकोळ आहे. त्या निबंधाच्या सुरुवातीलाच वापरलेला एक नियम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेल्या विचारावर तो आधारलेला आहे. नियम असा: एखाद्या कामाचा काही भाग कितीही वेगवान केला तरी उरलेला भाग जितका वेळ घेतो, त्यापेक्षा कमी वेळात काम होणार नाही. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. घरून शाळेत यायला ४० मिनिटे चालणे आणि ५ मिनिटे होडीचा प्रवास असेल, तर होडीला मोटर बसवून फार तर ४ मिनिटे वाचतील.

लेखकांनी १९८८ मध्ये हा नियम डिस्कांच्या बाजूने वापरला. त्यांचे म्हणणे असे, की समजा एखाद्या कामातला १० टक्के वेळ डिस्केवर जातो. प्रोसेसर दहापट वेगवान झाला आणि डिस्क तशीच राहिली, तर सारे काम फक्त सुमारे पाचपट वेगाने होईल. प्रोसेसर शंभरपट वेगवान झाला, तरी काम दहापटीच्या आतच अडकेल. म्हणून डिस्कांचा वेग वाढवलाच पाहिजे. त्या वेळी हे अगदी रास्त होते. प्रोसेसरचा वेग झपाट्याने वाढत होता आणि डिस्क हे लोखंडी हातांचे, फिरत्या चकत्यांचे यंत्र असल्यामुळे मागे पडत होती.

आज हाच नियम उलट्या बाजूने लावून पाहावा लागतो, आणि सल्ला देणारे नेमके तेच करत नाहीत.

फिरत्या हार्ड डिस्केला एखादा लहान तुकडा वाचायला किती वेळ लागतो? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग वाचकाच्या खाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. वाचणारा हात योग्य वर्तुळावर जायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एकूण १२-१३ मिलिसेकंद. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. मेमरी चिपमधल्या विद्युतभाराची पातळी तपासून माहिती वाचली जाते, आणि सगळे सोपस्कार धरून साधारण ०.१ मिलिसेकंदात तुकडा हाती येतो. म्हणजे शंभरपटीहून अधिक फरक पडतो. ज्यांनी जुन्या संगणकात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, त्यांना हा फरक घड्याळ न लावताही जाणवला.

आता उदाहरणापुरते आकडे घेऊ. एखादा प्रोग्रॅम उघडायला हार्ड डिस्केवर ४८ सेकंद लागत होते, त्यांतले ८ सेकंद प्रोसेसरच्या कामाचे आणि ४० सेकंद डिस्केची वाट पाहण्याचे, असे समजा. एसएसडी शंभरपट जलद असल्याने ४० सेकंदांचे ०.४ सेकंद झाले. एकूण ८.४ सेकंद. केवढी सुधारणा! आता दुसरी एसएसडी आणून पट्टे पाडले आणि अगदी आदर्श दुप्पट वेग मिळाला, असेही मान्य करू. ०.४ चे ०.२ झाले. एकूण ८.२ सेकंद. पहिल्या बदलाने ३९.६ सेकंद वाचवले होते, दुसऱ्याने ०.२. वेग मोजणारा प्रोग्रॅम या दुसऱ्या बदलाला 'दुप्पट' म्हणेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. खुर्चीवर बसलेल्या माणसाला काही कळणार नाही.

आणि आदर्श दुप्पट वेग मिळतो हेही आपण उदारपणे धरले होते. प्रत्यक्षात तो मिळत नाही, कारण प्रश्न पुन्हा भात की पापड हाच आहे. संगणक सुरू होताना, प्रोग्रॅम उघडताना, टपाल पाहताना संगणक हजारो लहान तुकडे मागतो, पुष्कळदा चार-चार किलोबाइटचे. शिवाय एक तुकडा वाचल्याशिवाय पुढचा कोणता मागायचा हे त्याला बहुधा ठाऊक नसते. अनुक्रमणिका पाहिल्याशिवाय पान उघडता येत नाही, तसेच हे. चार किलोबाइटचा तुकडा १२८ किलोबाइटच्या एकाच पट्ट्यात मावतो, म्हणजे तो एकाच एसएसडीवर असतो. दुसरी त्या वेळी हात बांधून उभी.

गणित करून पाहा. आठवी-नववीच्या मुलांनाही जमेल. एक तुकडा ०.१ मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाला १०,००० तुकडे. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइट, म्हणून सेकंदाला ४०,००० किलोबाइट, साधारण ४० मेगाबाइट. साटा जोडणीच्या एसएसडीच्या खोक्यावर मात्र सेकंदाला ५५० मेगाबाइट असे लिहिलेले असते. दोन्ही आकडे एकाच वस्तूचे आणि दोन्ही बरोबर. ५५० हा पंगतभर भात वाढण्याचा वेग, ४० हा एकेका पापडाचा. एनव्हीएमई प्रकारच्या नव्या एसएसडींच्या खोक्यावर ३,५०० किंवा ७,००० असे आकडे असतात, पण तिथेही एकेका लहान तुकड्याचा वेग त्या प्रमाणात वाढलेला नसतो.

यावर एक युक्तिवाद केला जातो: पट्टेच लहान करा, चार किलोबाइटचे. पण मग चार किलोबाइटचा तुकडा तरीही एकाच एसएसडीवर राहतो. त्याहून मोठा असेल तर तो दोन्हींवर विभागला जाईल, आणि दोहोंपैकी जी उशिरा उत्तर देईल तिच्यासाठी थांबावे लागेल. शिवाय दोन्ही एसएसडींचा हिशेब ठेवणारा सॉफ्टवेअरचा एक थर मध्ये येतो, त्याचाही थोडा वेळ जातो.

वेग मोजणारे प्रोग्रॅम मग एवढे मोठे आकडे दाखवतात कसे? ते एकाच वेळी बत्तीस-बत्तीस मागण्या रांगेत लावतात. बत्तीस जणांनी एकदम पापड मागितले तर दोन वाढप्यांचा उपयोग होणारच. मोठ्या सर्व्हरवर हजारो लोक एकाच वेळी काम करतात, तिथे अशी रांग खरोखर असते. पॅटरसन आणि सहकाऱ्यांच्या मनात तसेच संगणक होते. घरच्या संगणकासमोर एक माणूस बसलेला असतो, आणि रांगेत बहुतेक वेळा एक-दोनच मागण्या असतात. ज्या परीक्षणांत सर्वांत मोठा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि रांग किती लांब होती हे एका कोपऱ्यात असते, ती परीक्षणे वाचताना आधी कोपरा वाचावा.

आणखी एक गोष्ट या सल्ल्यात कधीच सांगितली जात नाही. एसएसडी ही आतून आधीच एक ताफा आहे. तिच्यात एकच चिप नसते, अनेक असतात, आणि नियंत्रक चिप त्यांच्याशी अनेक वाटांनी एकाच वेळी बोलते. २००८ मध्ये आलेल्या इंटेलच्या एक्स २५-एम या एसएसडीत अशा दहा वाटा होत्या. एकटी फ्लॅश चिप तशी मंदच असते. पट्टे पाडल्यामुळेच एसएसडी वेगवान झाली. म्हणजे १९८८ च्या निबंधातली ७५ डिस्कांची कल्पना आता तळहातावर मावणाऱ्या एका पट्टीत येऊन बसली आहे. अशा दोन पट्ट्यांवर बाहेरून पुन्हा पट्टे पाडणे म्हणजे गाळलेले पाणी पुन्हा गाळण्यासारखे आहे.

वेग खरोखरच हवा असेल तर काय करावे लागते, याचा धडा सोनीच्या प्लेस्टेशन ५ या खेळयंत्रात मिळतो. ते २०२० मध्ये आले. त्यात एकच एसएसडी आहे. तिच्या नियंत्रकाला बारा वाटा आहेत आणि ती सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचते. पण नुसते तेवढ्याने भागले नसते. दाबून बसवलेली माहिती उलगडण्याचे काम प्रोसेसरकडून काढून स्वतंत्र यंत्रणेला दिले, आणि खेळ लिहिणाऱ्यांना त्याप्रमाणे लिहायला लावले. म्हणजे अ‍ॅमडालच्या नियमातला 'उरलेला भाग' त्यांनी कमी केला. विंडोजमध्ये २०२२ पासून खेळांसाठी 'डायरेक्ट स्टोरेज' नावाची सोय आली, तिचा उद्देशही असाच आहे.

मधल्या वाटेचा प्रश्नही आहेच. इंटेलच्या २०१५ मधल्या झेड १७० जातीच्या मदरबोर्डांवर एनव्हीएमई एसएसडी बहुधा मदतनीस चिपसेटला जोडल्या जात. तो चिपसेट प्रोसेसरशी ज्या वाटेने बोलतो तिची क्षमता सेकंदाला सुमारे ३.९ गिगाबाइट. एकटी चांगली एसएसडी ३.५ गिगाबाइट देऊ शकत असेल, तर दोन जोडल्यावर ७ मिळतील का? टाकीला दोन नळ लावले तरी रस्त्यावरून येणारा पाइप तोच. अशा जोडण्या अनेकांनी हौसेने केल्या आणि आकडा साडेतीनच्या थोडा पुढे जाऊन थबकला. नंतरच्या मदरबोर्डांवर ही वाट रुंद झाली, आणि काही एसएसडी थेट प्रोसेसरला जोडता येऊ लागल्या. पण आपल्या मदरबोर्डवर कोणती खाच कुठे जाते हे पुस्तिकेत पाहिल्याशिवाय दुसरी एसएसडी विकत घेऊ नये. फाइल पेनड्राइव्हवरून किंवा मोबाइलवरून घ्यायची असेल, तर पेनड्राइव्हचा वेग तोच कामाचा वेग, हे वेगळे सांगायला नकोच.

आता वेगाच्या बदल्यात द्यावे लागणाऱ्या गोष्टीकडे येऊ. दोहोंपैकी एक एसएसडी गेली तर काय होते? अर्धी माहिती उरते, असा पुष्कळांचा समज असतो. पण तीनशे किलोबाइटच्या फोटोतला प्रत्येक दुसरा पट्टा नाहीसा झाला, तर उरलेल्याचा फोटो होत नाही. एका पट्ट्यात मावणाऱ्या काही लहान फाइली कदाचित शाबूत असतील, पण त्या कुठे आहेत हे सांगणारी नोंदवहीसुद्धा दोन्हींवर वाटलेली असते. व्यवहारात सगळेच जाते.

आणि ही वेळ येण्याची शक्यता दुपटीच्या जवळ जाते. एक एसएसडी वर्षात बिघडण्याची शक्यता उदाहरणापुरती १ टक्का धरू. ती टिकण्याची शक्यता ०.९९. दोन्ही टिकण्याची ०.९९ गुणिले ०.९९, म्हणजे ०.९८०१. कोणती तरी एक बिघडण्याची शक्यता १.९९ टक्के. चार जोडल्या तर सुमारे ३.९४ टक्के. आकडे लहान आहेत हे मान्य. पण ही जोखीम ०.२ सेकंदांसाठी घेतली जात आहे.

इथे खोक्यावरचा आणखी एक आकडा तपासण्यासारखा आहे. बिघाडापर्यंतचा सरासरी काळ १५ लाख तास, असे कित्येक एसएसडींवर लिहिलेले असते. वर्षाचे तास ८७६०. भागाकार केला तर १७१ वर्षे! एवढी वर्षे कोणीही एसएसडी तपासून पाहिलेली नाही. या आकड्याचा अर्थ इतकाच, की पुष्कळ एसएसडी एकाच वेळी वापरात असतील तर वर्षाकाठी हजारांत साधारण सहा बिघडतील असा अंदाज आहे. 'सरासरी' हा शब्द एका नगाचे आयुष्य सांगत नाही. शाळेत सरासरी शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे. विम्याच्या तक्त्यापेक्षा मुलांना ते जवळचे वाटेल.

या बाबतीत मूळ निबंधावरही एक आक्षेप घेता येतो. त्यातले गणित बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतात असे धरून केलेले आहे. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच उत्पादनाच्या दोन एसएसडी आणल्या, एकाच खोक्यात एकाच उष्णतेत ठेवल्या आणि दोन्हींवर अगदी सारखे लिहीत गेलो, तर त्यांचे बिघाड स्वतंत्र कसे राहतील? हुबेहूब प्रत ठेवण्याच्या पद्धतीला हे घातक आहे, कारण दोन्ही प्रती एकदम जाऊ शकतात. रेड शून्याला मात्र त्याने उलट थोडी मदतच होते! दोघी एकदमच जाणार असतील तर 'कोणती तरी एक जाण्याची' शक्यता दुपटीपेक्षा कमी भरते. टोकाच्या कल्पनेत दोघींचे नशीब अगदी एक असेल तर ती १ टक्काच राहील. विद्यार्थ्यांना हा प्रश्न घालावा. पट्ट्यांच्या बाजूने हा एक मुद्दा आहे खरा, पण त्याच्यावर कोणी विसंबावे असे मी म्हणणार नाही.

मग ही पद्धत निरुपयोगी आहे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रफितींचे संपादन करणारा माणूस न दाबलेली, प्रचंड मोठी दृश्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत असतो. त्याचे काम पंगतभर भाताचे आहे. मोठ्या वैज्ञानिक गणनेत तात्पुरत्या फाइलींसाठीही पट्टे उपयोगी पडतात. दोन्ही ठिकाणी एक अट आहे: त्या ताफ्यावर असलेली प्रत्येक गोष्ट दुसरीकडेही असली पाहिजे, किंवा पुन्हा तयार करता आली पाहिजे. ज्यांच्याजवळ साटा जोडणीच्या दोन जुन्या लहान एसएसडी पडून आहेत त्यांनी अशा कामासाठी त्या जरूर जोडाव्यात. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये दोन्ही रिकाम्या एसएसडी निवडून 'स्ट्राइप्ड व्हॉल्यूम' करता येतो. मात्र त्यावर आधीची माहिती राहत नाही, आणि अशा व्हॉल्यूमवरून विंडोज सुरू करता येत नाही. लिनक्समध्ये हे काम 'एमडीएडीएम' नावाची आज्ञा करते.

मदरबोर्डच्या स्वतःच्या सोयीने ताफा केला, तर एक वेगळी अडचण संभवते. मदरबोर्ड बिघडला तर दोन्ही एसएसडी धडधाकट असूनही त्या दुसऱ्या जातीच्या बोर्डाला ओळखता येतीलच असे नाही. शिवाय कोणत्या जागा आता रिकाम्या झाल्या हे संगणकाने एसएसडीला कळवावे लागते, म्हणजे ती पुढच्या लेखनासाठी त्या तयार ठेवते. 'ट्रिम' असे या आज्ञेचे नाव. इंटेलच्या घरगुती चिपसेटांवर रेड शून्यातून ही आज्ञा पुढे जाण्याची सोय २०१२ मध्ये आली. त्याआधीच्या बोर्डांवर ताफ्याचा लिहिण्याचा वेग वापरासरशी घटत जाई. शाळांना देणगीत मिळालेल्या संगणकांत असे जुने बोर्ड असू शकतात. तिथे दुसरी एसएसडी जोडण्यापेक्षा मेमरी वाढवणे बहुधा अधिक फळाला येते. आणि घरात दोन एसएसडी असतीलच, तर एकीवर काम करावे, दुसरीवर आठवड्यातून एकदा प्रत काढून ती काढून कपाटात ठेवावी. दुसऱ्या एसएसडीचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.

हे सगळे माझ्या सांगण्यावरून मानण्याची गरज नाही. एक घड्याळ आणि एक संगणक असला तर वर्गात प्रयोग करता येतो. संगणक 'रीस्टार्ट' करा, पाचेक मिनिटे शांत होऊ द्या, आणि एखादा मोठा प्रोग्रॅम उघडायला किती सेकंद लागतात ते मोजा. तो पूर्ण बंद करून लगेच पुन्हा उघडा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी त्याच्या बहुतेक फाइली मुख्य मेमरीतच असतात. डिस्केला विचारावेच लागत नाही. म्हणजे दुसरी वेळ ही जवळजवळ अनंत वेगाच्या डिस्केची वेळ झाली! दोन्ही वेळांमधला फरक म्हणजे डिस्केवर गेलेला काळ, आणि पट्टे पाडून फार तर त्यातला निम्मा वाचेल. हे तीन-चार वेळा करून सरासरी घ्यावी, कारण काही प्रोग्रॅम बंद केल्यावरही आपला काही भाग मागे चालू ठेवतात आणि दुसरी वेळ फसवी लहान येते. तसे झाले तर चूक पट्ट्यांच्या फायद्याचीच होईल, म्हणून चिंता नको. हार्ड डिस्क असलेला एक आणि एसएसडी असलेला एक असे दोन संगणक उपलब्ध असतील, तर दोन्हींवर हा प्रयोग करून चारही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

मोठ्या फाइलीच्या बाबतीतही हाच प्रयोग करावा, म्हणजे दुसरी बाजूही दिसेल. मात्र तिथे फाइल संगणकाच्या मेमरीपेक्षा बरीच मोठी घ्यावी लागेल. नाहीतर प्रत पूर्ण झाल्याचा संदेश पडद्यावर येतो त्या क्षणी बराचसा मजकूर अजून मेमरीतच असतो, एसएसडीपर्यंत पोचलेलाच नसतो, आणि आपण मोजतो तो वेग तिसऱ्याच वस्तूचा निघतो.